इल्म, अमल आणि मुलामा

दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न असतो. एक मोठा शब्द देतात आणि त्यातली अक्षरे वापरून चार शब्द तयार करायला सांगतात. प्रत्येक शब्दात किमान तीन अक्षरे हवीत. अभ्यासात मागे असलेल्या मुलालाही हे गुण मिळवता येतात, म्हणून आम्ही शिक्षक मंडळी या प्रश्नाचा सराव पुष्कळ घेतो. मुलांनाही तो आवडतो. इंग्रजीच्या तासाला एरवी खिडकीबाहेर पाहणारी मुलेसुद्धा या वेळी पुढे सरकतात.

या प्रश्नात शब्द मागतात, त्याचा अर्थ मात्र विचारत नाहीत. अक्षरे जुळली आणि शब्द शब्दकोशात असला, की गुण मिळाले. तो शब्द एखाद्या वस्तूचे नाव आहे, क्रिया आहे की कुणाला दिलेली शिवी आहे, हे लिहिणाऱ्याला माहीत नसले तरी चालते. परीक्षेच्या दृष्टीने यात गैर काही नाही. पण ज्या घरांत मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढला जातो, त्या घरांनी या गोष्टीवर थोडा विचार करावा, असे आम्हाला वाटते. आम्ही उर्दू आणि मराठी, दोन्ही भाषा शिकवतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतली मुले आमच्या हाताखालून गेली आहेत. कुणाच्या घरी दखनी वळणाची उर्दू, कुणाच्या घरी झाडीबोली, सिरोंच्याकडच्या मुलाच्या तोंडी तेलुगू, तर एखाद्याच्या घरी माडिया. अशा वर्गात शब्द तोंडाने म्हणणे आणि तो कळणे, यांतले अंतर रोज डोळ्यांसमोर असते.

हा सराव घेताना आम्ही फळ्यावर काही जोड्या लिहितो. इंग्रजीत 'स्टडी' म्हणजे अभ्यास. त्याच पाच अक्षरांची जागा बदलली की 'डस्टी' होते, म्हणजे धुळीने भरलेला. घुग्घुस आणि दुर्गापूरकडची, कोळशाच्या खाणींजवळ राहणारी मुले या जोडीला हमखास हसतात. त्यांच्या घरी दप्तरावर बोट फिरवले तरी बोट काळे होते. 'टीक' म्हणजे सागवान, आणि त्याच चार अक्षरांचा 'टेक' म्हणजे घेणे. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती ऐकलेल्या मुलांना ही जोडी लगेच पाठ होते. 'टीच' म्हणजे शिकवणे, आणि त्याच अक्षरांचा 'चीट' म्हणजे फसवणे. ही जोडी फळ्यावर आली की मुले आधी आमच्याकडे पाहतात आणि मग एकमेकांकडे. आणि 'फॉरेस्ट' म्हणजे जंगल, तर त्याच सहा अक्षरांचा 'फॉस्टर' म्हणजे पालनपोषण करणे. ज्या जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे, तिथल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मोह, तेंदूपाने, बांबू, चारोळी यांवर त्यांच्या गावांची चूल पेटते.

अशा जोड्या मोबाइलवर सुविचार म्हणून फिरत असतात. 'लिसन' आणि 'सायलेंट' यांची अक्षरे एकच आहेत, म्हणून ऐकायचे असेल तर गप्प बसावे, असा उपदेश आपण सगळ्यांनी वाचला असेल. उपदेश चांगला आहे. मात्र मुलांना आम्ही हेही सांगतो की हा निव्वळ योगायोग आहे. 'लिसन' जुन्या इंग्रजीतून आला, 'सायलेंट' लॅटिनमधून. 'टीच'चा मूळ अर्थ दाखवणे. 'चीट'ची गोष्ट अगदी वेगळी आहे. बेवारस मालमत्ता जमीनदाराकडे जमा करण्याची युरोपात एक पद्धत होती. ते काम करणारे अधिकारी लोकांना लुबाडत, आणि त्या पद्धतीच्या नावातूनच पुढे फसवणुकीचा हा शब्द तयार झाला. 'टीक' तर आपल्याच देशातला आहे. मल्याळम भाषेतून तो पोर्तुगीजांनी उचलला आणि त्यांच्याकडून इंग्रजांकडे गेला. म्हणजे इंग्रजीत अक्षरे सारखी असली म्हणून शब्द एका घराण्याचे ठरत नाहीत. ते बसमध्ये शेजारी बसलेल्या दोन अनोळखी प्रवाशांसारखे असतात.

अर्थाशिवाय अक्षरांत किती लांब जाता येते, याचे एक नवल सांगण्यासारखे आहे. अक्षरांच्या ठोकळ्यांनी शब्द जुळवायचा 'स्क्रॅबल' हा खेळ जगभर खेळतात. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स हे या खेळातले नावाजलेले खेळाडू. २०१५ साली त्यांनी फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. स्पर्धेआधी त्यांनी फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली होती. त्यांच्या स्मरणशक्तीला सलामच करायला हवा. खेळात अर्थाची गरज नव्हती आणि त्यांनी खेळ जिंकला. घरात आणि बाजारात मात्र अर्थावाचून एक पाऊलही टाकता येत नाही.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आठवडी बाजारांत कापड विकतात. सोमवारी एका गावी, बुधवारी दुसऱ्या. मोठी मुलगी उर्दू माध्यमात शिकली. धाकटा मात्र इंग्रजी माध्यमात आहे, त्याच्यासाठी त्यांनी बरीच ओढाताण करून फी भरली. एकदा ते एक इंग्रजी पत्र घेऊन आमच्याकडे आले. विम्याचे पत्र होते. म्हणाले, "सर, छोटे ने पूरा पढ के सुनाया, एक जगा भी नै अटका. मगर मतलब पूछा तो चुप हो गया."

पोराची यात काही चूक नव्हती. त्याला कुणी अर्थ विचारलाच नव्हता. पत्रात 'लॅप्स' हा शब्द दोनदा आला होता. त्या पाच अक्षरांतून 'लीप्स' होतो, 'पेल' होतो, 'सेल' होतो, हे त्याने आम्हाला तिथल्या तिथे करून दाखवले. 'लॅप्स' म्हणजे काय, ते मात्र त्याला सांगता येईना. सोबत आलेल्या मुलीला इंग्रजी बेताचेच येत होते. तिने आमच्या टेबलावरचा शब्दकोश ओढला, शब्द शोधला, मराठीतला अर्थ वाचला आणि मग वडिलांना स्वतःच्या भाषेत सांगितले, "अब्बा, मुद्दत निकल गयी तो पॉलिसी खतम. पैसा भरना है, इस तारीख के पहले." सवलतीच्या मुदतीचे सहा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी बाजाराची गाडी सोडून त्यांनी हप्ता भरला.

मुलगा हुशार आहे आणि मुलगीही हुशार आहे. प्रश्न माध्यमाचाही नाही. इंग्रजी माध्यमात अर्थ समजून शिकणारी मुले आम्ही पाहिली आहेत, तशीच उर्दू आणि मराठी शाळांत नुसती पोपटपंची करणारीही. फरक एवढाच होता की मुलीला अर्थापर्यंत जायची सवय होती आणि अर्थ कळल्यावर तो सांगायला तिच्याजवळ स्वतःची भाषा होती. ज्या मुलाची घरची भाषा अर्धवट सुटली आणि शाळेची भाषा अजून हातात आली नाही, त्याच्याजवळ अर्थ ठेवायला भांडेच उरत नाही. आमच्या वस्तीत आज अशी मुले वाढत आहेत आणि उर्दूच्या वर्गांतली बाके रिकामी होत आहेत. आईबाप मुलांचे भलेच पाहतात, त्यांना दोष कसा देणार? शाळा कोणतीही निवडा, पण अर्थ विचारणारे कुणीतरी घरात असू द्या, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता आपल्या जवळच्या भाषेकडे येऊ. अक्षरांची जागा बदलायचा खेळ मराठीतही होतो. 'कलम'चे 'कमल' होते, 'वन'चे 'नव' होते, आणि 'नदी' उलटी वाचली की 'दीन' होतो. पण मराठीत प्रत्येक अक्षर आपला स्वर सोबत घेऊन चालते, म्हणून हा खेळ लवकर संपतो. अरबीत मात्र तो फार खोल जातो. तिथे बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात. काफ, ते, बे ही तीन अक्षरे घेतली की लिहिण्याशी संबंधित सारे कुटुंब समोर येते : किताब, कातिब, मकतब, कुतुबखाना. अक्षरांचा क्रम तोच ठेवायचा, मध्ये स्वर बदलायचे, पुढे-मागे जोड द्यायची. इंग्रजीतल्या अनोळखी प्रवाशांसारखे हे नाही, हे सख्खे नातेवाईक असतात.

आणि क्रमच बदलला तर? आठव्या शतकात बसरा शहरात खलील इब्न अहमद नावाचे मोठे विद्वान होऊन गेले. अरबी छंदशास्त्राचा पाया घालणारे ते हेच. 'किताबुल-ऐन' हा अरबीतला पहिला मोठा शब्दकोश त्यांच्या नावावर आहे. त्यांनी शब्दांची मांडणी अशी केली की एकाच अक्षरसमूहाचे सगळे क्रम एका ठिकाणी यावेत. तीन अक्षरांचे सहा क्रम होतात, चार अक्षरांचे चोवीस, पाच अक्षरांचे एकशे वीस. यांतले कोणते क्रम लोकांच्या वापरात आहेत आणि कोणते नाहीत, हे त्यांनी नोंदवले. वापरातल्या शब्दाला म्हणतात 'मुस्तअमल', आणि वापरात नसलेल्याला 'मुहमल'. उर्दू शाळेत शिकलेल्यांना 'मुहमल' आठवत असेल. 'रोटी-वोटी'मधली 'वोटी' म्हणजे मुहमल, मराठीत 'जेवण-बिवण'मधले 'बिवण'.

आता ऐन, लाम आणि मीम ही तीनच अक्षरे घ्या. ऐन, लाम, मीम या क्रमाने ठेवली की 'इल्म' होतो, म्हणजे ज्ञान. लाम आणि मीम यांची अदलाबदल केली, ऐन, मीम, लाम असे ठेवले, की 'अमल' होतो, म्हणजे कृती. वअजच्या मजलिसीत 'इल्म और अमल' ही जोडी आपण लहानपणापासून ऐकतो. पण दोन्ही शब्द त्याच तीन अक्षरांचे आहेत, हे कागदावर लिहून पाहिल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही. मराठी लिपीत तर ते दिसतच नाही, कारण आपल्याकडे येताना 'ऐन' हे अक्षर गळून पडते, आणि त्याच्या जागी उरतो फक्त 'अ', 'आ' किंवा 'इ'.

अक्षर गळाले तरी शब्द टिकले. इल्मच्या घराण्यातले मालूम, आलम आणि तालीम मराठीत आहेत. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पहिलवानांचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. झाडीपट्टीत नाटकाचे वेड मोठे, म्हणून आमच्याकडच्या मुलांना हा अर्थ आधी ठाऊक असतो. अमलचे घराणे तर मराठीत फारच मोठे आहे. अंमल, अंमलदार, अंमलबजावणी, मामला, मामलेदार, मामुली हे सगळे तिथलेच. वर आलेला 'मुस्तअमल' आणि आपण घरात बोलतो तो 'इस्तेमाल' हेही त्याच मुळाचे. नशेच्या वस्तूंना मराठीत अमली पदार्थ म्हणतात, कारण अंमल म्हणजे सत्ता, आणि ती वस्तू माणसावर सत्ता चालवते. वर्गात हे सांगितले की मुले क्षणभर शांत होतात. काहींच्या घरात ती सत्ता त्यांनी पाहिलेली असते.

याच तीन अक्षरांचा तिसरा क्रम आहे लाम, मीम, ऐन. त्याचा अर्थ चमकणे, झळाळणे. त्यातून 'मुलम्मा' हा शब्द निघाला आणि तोच आपल्या मराठीत 'मुलामा' झाला. पितळेच्या दागिन्यावर सोन्याचा मुलामा देतात, तोच हा मुलामा.

इल्म, अमल आणि मुलामा, तिन्ही शब्द एकाच तीन अक्षरांचे. दहाव्या शतकात मोसूलमध्ये जन्मलेले इब्न जिन्नी हे व्याकरणकार होऊन गेले. 'अल-खसाइस' या ग्रंथात त्यांनी असा विचार मांडला की अक्षरांचा क्रम बदलला तरी अशा शब्दांच्या तळाशी एखादा समान अर्थ सापडतो. त्यांनी काफ, लाम, मीम या अक्षरांचे उदाहरण दिले. कलाम, कमाल, मुल्क हे शब्द त्या अक्षरांचे. या सगळ्यांत त्यांना बळ आणि तीव्रता असा समान धागा दिसला. मात्र साऱ्या भाषेला हा नियम लागू होतो असा दावा त्यांनीही केला नाही. म्हणून इल्म आणि अमल यांची अक्षरे सारखी आहेत यावरून काही सिद्ध होते, असे आम्ही म्हणत नाही. पण लक्षात ठेवायला ही खूण फार उपयोगी आहे. मुलाला एखादी गोष्ट माहीत झाली आणि ती त्याच्या वागण्यात उतरली, तर इल्मचा अमल झाला. नुसते शब्द चमकत राहिले, तर तो मुलामा. उर्दूत 'मालूम' आणि 'मामूल' असे दोन शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ माहीत असलेले, दुसऱ्याचा नेहमीची सवय. जे मालूम आहे ते मामूल व्हावे, एवढ्यासाठीच तर शाळा आहे.

शब्दाचा अर्थ समजून घेऊन त्यावर अमल केला तर काय होते, हे आमच्याच गडचिरोली जिल्ह्यात घडलेले आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव. या गावात अनेक वर्षांपासून अभ्यासगट चालतात. गावकरी एकत्र बसतात, कायदा आणि शासनाचे निर्णय यांवर चर्चा करतात, शब्दांचा अर्थ समजून घेतात. बांबू त्यांच्या जंगलात भरपूर, पण त्यावर हक्क कुणाचा? इथे सगळी अडचण एका शब्दाच्या अर्थापाशी होती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूही धरला होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात मात्र 'गौण वनोपज' या शब्दाच्या अर्थात बांबूचा स्पष्ट उल्लेख आला. २००९ मध्ये मेंढा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि तो देण्याचा अधिकार वनखात्याकडे होता. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे २०१७ मध्ये 'झाड' या व्याख्येतूनच बांबू वगळण्यात आला.

पिढ्यान्‌पिढ्या जंगल सांभाळणाऱ्या गावाला आपल्याच बांबूसाठी एका शब्दाच्या अर्थाशी इतकी वर्षे झुंजावे लागले. कायद्यातले शब्द पाठ असणारे पुष्कळ असतील. या गावकऱ्यांनी त्यांचा अर्थ विचारला, आणि अर्थ कळल्यावर ते घरी बसून राहिले नाहीत. फळ्यावर 'फॉरेस्ट' आणि 'फॉस्टर' लिहिले की आम्ही मुलांना मेंढ्याचीच गोष्ट सांगतो. इंग्रजीत त्या दोन शब्दांचे नाते नाही, पण त्या गावात ते आहे.

आता घरात काय करता येईल ते सांगतो. फार खर्चाचे काही नाही. आमच्या घरी लग्नाच्या जुन्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे चौकोनी तुकडे कापून त्यांवर इंग्रजी अक्षरे लिहिली आहेत. दुसऱ्या डब्यात उर्दू हुरूफ आहेत. रात्री दस्तरखान उचलल्यावर अर्धा तास हा खेळ चालतो. नियम दोनच. शब्द तयार केला की त्याचा अर्थ सांगायचा, उर्दूत सांगा, मराठीत सांगा, जी भाषा जवळची असेल तीत. आणि तो शब्द वापरून आजच्या दिवसातले एक वाक्य बोलायचे. दोन्ही केले तरच गुण. अर्थ येत नसेल तर शब्दकोश उघडायला परवानगी आहे, त्याचे गुण कापले जात नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी येत नसले तरी बिघडत नाही. 'म्हणजे काय?' एवढे दोन शब्द विचारता आले की आजीसुद्धा पंच होऊ शकते. आमच्याकडे दादीजान हे काम करतात, आणि त्या कुणालाही सोडत नाहीत.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात इंग्रजी कागद आता वाढतच जाणार आहेत. बँकेचे, विम्याचे, दवाखान्याचे, शाळेचे. या आठवड्यात असा एखादा कागद कपाटातून काढा आणि मुलांसमोर ठेवा. आधी ते मोठ्याने वाचतील, तेवढ्यावर शाबासकी देऊन थांबू नका. त्यातला कोणताही एक शब्द निवडा आणि अर्थ विचारा. अर्थ सापडला की पुढचा प्रश्न विचारा, मग आता आपण काय करायचे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलाने शोधले आणि त्याप्रमाणे कागदाचे काम त्याच्याच हातून पूर्ण करून घेतले, तर त्या एका शब्दापुरती तालीम झाली. पुढच्या आठवड्यासाठी दुसरा कागद असेलच, इन्शाअल्लाह.